गुणगुणणारा कंडेन्सर आणि गप्प बसलेला कंडेन्सर

काचेच्या नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा जुना अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला की पहिले काही सेकंद शांतता असते. हीटर लालसर होतात, काच हळूहळू तापते आणि मग स्पीकरमधून एक जाड, सलग ‘घूं’ वर येऊ लागते. दुरुस्ती करणारे याला ‘हम’ म्हणतात. पुष्कळजण इथेच सोल्डरिंग आयर्न तापवायला ठेवतात आणि दिसेल तो कपॅसिटर बदलत सुटतात. कधी हम जातो, कधी जात नाही आणि कधी आणखी वाढतो. नेमकं काय बिघडलं होतं ते शेवटपर्यंत कळतच नाही.

हम कुठून येतोय हे तो स्वतःच बऱ्यापैकी सांगतो, फक्त आधी ऐकायला हवं. मात्र यात एक मोठी फसगत आहे. जुने कपॅसिटर, म्हणजे जाणत्या मंडळींच्या भाषेत कंडेन्सर, दोन अगदी उलट प्रकारांनी बिघडतात. काही सुकतात आणि त्यांचं काम करेनासे होतात. ते गुणगुणतात, म्हणून आपल्याला लगेच सापडतात. दुसरे गळायला लागतात, जो डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) अडवायचा तोच थोडाथोडा पुढे सोडतात. त्यांचा आवाज येत नाही. संगीत नेहमीसारखं वाजत राहतं आणि आत एखादा महागडा आउटपुट व्हॉल्व्ह किंवा न मिळणारा ट्रान्सफॉर्मर जळत असतो. हमच्या मागे लागलेल्या माणसाच्या हातून हा दुसरा प्रकार हमखास निसटतो, म्हणून या लेखात त्याला जास्त जागा दिली आहे.

हात घालण्याआधी

व्हॉल्व्हच्या यंत्रात साधारण २५० ते ४५० व्होल्टांचा डीसी असतो. स्विच बंद केला, प्लग काढला, तरी कपॅसिटरमध्ये तो टिकून राहतो. ५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४०० व्होल्टांवर भरलेला असेल तर त्यात ४ ज्यूल ऊर्जा असते. असा झटका बसून हात आपोआप मागे खेचला गेला की चॅसीच्या (यंत्राच्या पत्र्याच्या सांगाड्याच्या) धारदार कडेवर फाटतो, आणि प्रवाह छातीतून गेला तर जीवही जाऊ शकतो.

त्यामुळे आधी प्लग काढायचा. मग १० किलोओहमचा, पाच-दहा वॉटचा, इन्सुलेटेड तारा जोडलेला रेझिस्टर कपॅसिटरच्या दोन टोकांना लावायचा. ५० मायक्रोफॅरडसाठी अडीच-तीन सेकंद पुरतात, तरी दहा मोजावेत. नंतर मीटर लावून खात्री करायची आणि मिनिटभराने पुन्हा एकदा मोजायचं, कारण रिकामा केलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर स्वतःहून थोडा व्होल्टेज परत वर आणतो. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडणं ही वाईट सवय आहे, त्याने कपॅसिटर आणि डोळे दोन्ही जाऊ शकतात. चालू यंत्रात मोजताना मीटरची काळी तार चॅसीला चिमट्याने अडकवायची, एकाच हाताने काम करायचं आणि दुसरा हात खिशात ठेवायचा.

काही जुन्या रेडिओंत मेन्स (भिंतीतल्या विजेचा) ट्रान्सफॉर्मरच नसतो. त्यांची चॅसी थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते आणि प्लग कसा लावला यावर ती जिवंत होऊ शकते. असा संच मेन्सपासून वेगळं करणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडून चालवायचा नाही. हे काम नवीन असेल तर पहिली काही यंत्रं जाणकाराच्या शेजारी बसूनच उघडावीत.

कपॅसिटर नक्की करतो काय

भिंतीतून येणारा एसी सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतो, काही देशांत ६० वेळा. रेक्टिफायर त्याच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला वळवतो. त्यामुळे डीसी मिळतो खरा, पण तो उसळ्या मारत येतो, सेकंदाला १०० उसळ्या. पहिला मोठा कपॅसिटर हा पाण्याच्या टाकीसारखा. प्रत्येक उसळीला भरतो आणि दोन उसळ्यांच्या मधल्या वेळात अ‍ॅम्प्लिफायरला पुरवठा करतो. त्या मधल्या वेळात टाकीची पातळी जितकी खाली येते तितका रिपल, आणि हाच रिपल आपल्याला हम म्हणून ऐकू येतो.

आकडे घेतले की चित्र स्पष्ट होतं. अ‍ॅम्प्लिफायर १०० मिलिअँपिअर घेतोय आणि पहिला कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडचा आहे असं धरू. एका उसळीपासून दुसरीपर्यंत १० मिलिसेकंद जातात, तेवढ्यात पातळी ढोबळमानाने २० व्होल्टांनी उतरते. हे निरोगी यंत्रातलं चित्र आहे. पुढे १० हेन्रीचा चोक, म्हणजे प्रवाहाची चढउतार दाबणारी तारेची गुंडाळी, आणि आणखी एक ५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आला की १०० हर्ट्झच्या त्या रिपलचा जवळपास दोनशेवा भाग उरतो, म्हणजे एक दशांश व्होल्ट. आता हा दुसरा कपॅसिटर सुकून ५ मायक्रोफॅरडवर आला असं समजा. पुढे जाणारा रिपल थेट १ व्होल्ट होतो. एकच भाग म्हातारा झाला आणि हम दहापट वाढला.

हे कपॅसिटर सुकतात का? इलेक्ट्रोलिटिकमध्ये अ‍ॅल्युमिनिअमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो, तोच खरा इन्सुलेटर. त्याला चिकटून इलेक्ट्रोलाइटने भिजवलेला कागद असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती ओल उडून जाते, क्षमता घटते आणि आतला रोध वाढतो. यंत्र नुसतं पडून राहिलं तरी नुकसान होतंच, कारण व्होल्टेजवाचून ऑक्साइडचा थर कमजोर होत जातो आणि पुन्हा वीज दिल्यावर गळती खूप असते. गळतीने कपॅसिटर तापतो, तापला की गळती वाढते आणि शेवटी वाफ बाहेर येते. माळ्यावर वीस वर्षं पडलेलं यंत्र ‘चालतंय का बघू’ म्हणून थेट प्लगला लावू नये ते याचसाठी.

कानाने पहिली चाळणी

सगळ्यात आधी कान स्पीकरजवळ न्यायचा, मग चॅसीजवळ. आवाज स्पीकरमधून नसून थेट पेटीतूनच येत असेल, तर मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या थरथरतायत. त्याचा फिल्टर (रिपल गाळणाऱ्या) कपॅसिटरशी संबंध असलाच तर एवढाच, की एखाद्या जड गळतीमुळे ट्रान्सफॉर्मरवर जास्तीचा भार आलेला असू शकतो. स्विच टाकल्या टाकल्या, व्हॉल्व्ह थंड असतानाच स्पीकरमध्ये पुसट हम ऐकू आला, तर मेन्स ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतंय.

व्हॉल्व्ह तापल्यावर येणारा हम असेल तर त्याचा सूर ओळखायचा. ५० हर्ट्झचा हम खूप खालचा असतो, छोट्या स्पीकरवर तो ऐकू येण्यापेक्षा कोनच्या हालचालीत जास्त दिसतो. १०० हर्ट्झ म्हणजे तोच सूर एक सप्तक वर, भरदार आणि स्पष्ट. सवय नसेल तर मोबाइलवर टोन वाजवणारं अ‍ॅप घेऊन ५० आणि १०० आळीपाळीने ऐकावं, पण हेडफोन लावूनच, मोबाइलचा स्पीकर ५० हर्ट्झ वाजवूच शकत नाही. हा सराव पाच मिनिटांचा आहे आणि पुढे आयुष्यभर कामी येतो.

१०० हर्ट्झ ऐकू आला तर संशय फिल्टर कपॅसिटरवर, कारण रेक्टिफायरनंतरची उसळी १००चीच असते. ५० हर्ट्झ आला तर तो रेक्टिफायरच्या आधीच्या जगातून आलाय: हीटरच्या तारा, ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र, शील्ड तुटलेली सिग्नल वायर. याला एक अपवाद आहे. लहान रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअरमध्ये पुष्कळदा अर्ध्या लहरीचा रेक्टिफायर असतो, तिथे फिल्टरचा हमसुद्धा ५०चाच येतो. म्हणून आधी सर्किटमधला रेक्टिफायर कोणत्या प्रकारचा आहे ते बघावं. दोन डायोड असलेल्या व्हॉल्व्हचा एक भाग मेला तरी शंभरचा पन्नास होतो.

तिसरा आवाज ‘घूं’ नसून ‘झर्रर्र’ असतो, कडा असलेला आणि कर्कश. तो बहुधा कपॅसिटर भरतानाच्या प्रवाहाच्या झटक्यांचा किंवा अर्थची (चॅसीकडे जाणारी) तार चुकीच्या जागी जोडल्याचा असतो. त्याच्याकडे शेवटी येऊ. आणि ‘पट-पट-पट’ असा बोटीच्या इंजिनासारखा आवाज आला, तर दोन टप्प्यांचा पुरवठा एकमेकांपासून वेगळा ठेवणारा डीकपलिंग कपॅसिटर ओपन झालाय. शेवटच्या टप्प्याची हालचाल एचटीच्या, म्हणजे त्या २५०-४५० व्होल्टांच्या पुरवठ्याच्या वाटेने पहिल्या टप्प्याला पोहोचते आणि अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच डोलायला लागतो. जुन्या रेडिओत आणखी एक गमतीशीर हम सापडतो, तो फक्त जोरदार स्टेशन लागलं तरच येतो आणि स्टेशन सोडलं की जातो. रेडिओलहरी मेन्सच्या वाटेने आत येऊन रेक्टिफायरमध्ये ५० किंवा १०० हर्ट्झचा हम अंगावर घेतात. तिथे रेक्टिफायरजवळचा छोटा कपॅसिटर तपासायचा, मोठे फिल्टर बदलून काही होत नाही.

टप्पा शोधणं

आता व्हॉल्यूमचं बटण फिरवायचं. हम व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत असेल तर त्याचा उगम बटणाच्या आधी आहे: पहिला व्हॉल्व्ह, पिकअप (रेकॉर्ड प्लेअरची सुई बसवलेला भाग), इनपुटची वायर किंवा त्या टप्प्याला मिळणारा पुरवठा. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही हम तसाच राहिला तर तो बटणाच्या पुढचा आहे. एका बटणाने अर्धं सर्किट संशयातून मोकळं होतं.

पुढची पायरी म्हणजे एकेका टप्प्याचं तोंड बंद करणं. १ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टांचा एक फिल्म कपॅसिटर घ्यायचा, यंत्र बंद असताना संशयित व्हॉल्व्हच्या ग्रिडपासून (सिग्नल आत घेणाऱ्या टोकापासून) चॅसीपर्यंत चिमट्यांनी जोडायचा आणि मग यंत्र सुरू करून ऐकायचं. हम गेला तर तो या ग्रिडच्या आधी तयार होतोय, राहिला तर पुढे. नुसती तार लावून ग्रिड चॅसीला टेकवू नये. ज्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला वेगळा उणे बायस (प्रवाह आवरून धरणारा स्थिर व्होल्टेज) दिलेला असतो, त्याचा बायस त्या तारेने नाहीसा होईल आणि प्रवाह अनावर वाढेल. कपॅसिटर मात्र डीसीला हात न लावता सिग्नल तेवढा खाली नेतो.

व्हॉल्व्ह एकेक करून काढून बघण्याची पद्धतही चालते, पण सगळीकडे नाही. हीटर एकापुढे एक जोडलेल्या संचात एक व्हॉल्व्ह काढला की सगळे विझतात. आणि १९५४ च्या मुलार्ड ५-१० सारख्या रचनेत पहिल्या व्हॉल्व्हचा अ‍ॅनोड (सिग्नल बाहेर देणारं टोक) पुढच्याच्या ग्रिडला थेट जोडलेला असतो. तिथे पहिला काढला तर पुढच्या ग्रिडवर जवळपास सगळी एचटी येऊन बसते. म्हणून मला कपॅसिटरचीच पद्धत जास्त भरवशाची वाटते.

फिल्टरवर बोट ठेवणं

मीटर एसीवर ठेवून फिल्टरच्या प्रत्येक कपॅसिटरवरचा रिपल मोजता येतो. मीटर इतका डीसी सहन करतो का याची खात्री नसेल तर त्याच्या लाल तारेत ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टांचा कपॅसिटर टाकावा. पहिल्या कपॅसिटरवर काही व्होल्ट दिसले तर घाबरायचं कारण नाही, ते तिथे असायचेच. बघायचं ते हे, की पुढच्या प्रत्येक पायरीवर आकडा किती झपाट्याने घसरतो. जिथे घसरण थांबली तिथला कपॅसिटर सुकला आहे.

दुसरा उपाय म्हणजे त्याच किमतीचा चांगला कपॅसिटर जुन्याला समांतर लावून ऐकणं. ध्रुव सांभाळायचे, आणि जोडणी यंत्र बंद आणि कपॅसिटर रिकामा असतानाच करायची. चालू यंत्रात टेकवला की ठिणगी पडते, शिवाय त्या धक्क्याने जुना कपॅसिटर काही काळ सुधारल्यासारखा वागतो आणि निदान चुकतं. समांतर लावल्यावर हम गेला तर जुना सुकलेला होता. फरक पडला नाही तर मात्र तो निर्दोष ठरत नाही, कारण गळणाऱ्या कपॅसिटरला समांतर दुसरा लावून त्याची गळती थांबत नाही. आणि हम गेला म्हणून नवा तसाच समांतर ठेवून पेटी बंद करायची नाही. जुना आत राहिला की तो एक दिवस शॉर्ट होणारच.

मोठ्या अ‍ॅल्युमिनिअमच्या डब्यात पुष्कळदा तीन-चार कपॅसिटर एकत्र असतात. १९५९ मध्ये आलेल्या डायनाको स्टिरिओ ७० मध्ये एकाच डब्यात ३०, २०, २० आणि २० मायक्रोफॅरड, ५२५ व्होल्टांचे चार भाग आहेत. खालच्या टोकांजवळ चौकोन, त्रिकोण, अर्धवर्तुळ अशा खुणा कोरलेल्या असतात आणि डब्याच्या अंगावर कोणती खूण किती मायक्रोफॅरडची हे छापलेलं असतं. सगळ्यांची उणे बाजू म्हणजे डबा स्वतः, चॅसीत पीळ देऊन बसवलेल्या त्याच्या पत्र्याच्या जिभा. या जिभांवर गंज चढला किंवा तिथलं सोल्डर तडकलं तर उत्तम कपॅसिटरसुद्धा हम करू लागतो. नवा डबा मागवण्याआधी त्या जिभा खरडून, पुन्हा सोल्डर करून बघाव्यात. तेवढ्याने काम होऊन गेल्याचं मी एकाहून जास्त वेळा पाहिलंय.

कपॅसिटर मोजणाऱ्या छोट्या मीटरवर फार विसंबू नये. तो दोन-तीन व्होल्टांवर मोजतो, कपॅसिटर जगतो चारशेवर. गळणारा कपॅसिटर तर अशा मीटरवर छापील आकड्यापेक्षा जास्त क्षमता दाखवतो आणि माणूस खूश होतो.

गप्प बसलेला

आता कपलिंग कपॅसिटर. एका व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडवर संगीत असतं, पण त्याचबरोबर १५०-२०० व्होल्टांचा डीसीही असतो. पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला फक्त संगीत हवं. मध्ये बसलेला ०.०१ ते ०.२ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर डीसी अडवतो आणि संगीत सोडतो. जुन्या काळी हे मेण किंवा तेल लावलेल्या कागदाचे असत. कागद ओल शोषतो, मेण भेगाळतं, आणि चाळीस-पन्नास वर्षांनी त्यातून डीसी झिरपू लागतो.

किती झिरपला म्हणजे धोका? अ‍ॅनोडवर २०० व्होल्ट, पुढच्या ग्रिडचा रेझिस्टर ४७० किलोओहम आणि कपॅसिटरची गळती ५० मेगओहमची धरू. प्रवाह फक्त ४ मायक्रोअँपिअर. साध्या मीटरने ओहमवर मोजलं तर हा कपॅसिटर अगदी ठणठणीत दिसेल. पण तेवढ्याने ग्रिडवर जवळपास १.९ व्होल्ट धन दाब येतो. तिथे ईएल८४ हा आउटपुट व्हॉल्व्ह असेल तर गणित असं: २५० व्होल्टांवर ४८ मिलिअँपिअरने चालणारा हा व्हॉल्व्ह बारा वॉट उष्णता सोडतो, आणि बारा वॉट हीच त्याच्या अ‍ॅनोडची कमाल मर्यादा. कॅथोडचा (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाचा) रेझिस्टर थोडी सावरासावर करतो, तरी प्रवाह सात-आठ मिलिअँपिअरने वाढतो आणि व्हॉल्व्ह चौदा वॉटांवर भाजत राहतो. वेगळा बायस दिलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ती सावरासावरही नसते, तिथे वाढ दुपटीहून जास्त होते. हम नाही, खरखर नाही. फार तर मोठ्या आवाजात थोडी विकृती. हळूहळू ग्रिड तापतो, तापलेला ग्रिड स्वतःच प्रवाह सोडू लागतो, अ‍ॅनोड मंद लाल दिसू लागतो, आणि त्यापाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. त्याची जुनी जोड मिळणं फार अवघड असतं.

शोधायची पद्धत सोपी आहे. यंत्र अर्धा तास तापू द्यायचं, कारण गळती उष्णतेने वाढते. मग आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर चॅसीच्या तुलनेत डीसी मोजायचा. कॅथोड बायस (कॅथोडच्या रेझिस्टरनेच मिळणारा बायस) असलेल्या यंत्रात तो शून्य हवा. काही दशांश व्होल्टसुद्धा धन दिसला तर दोनच आरोपी उरतात: कपॅसिटर, नाहीतर स्वतः व्हॉल्व्ह. त्यांचा निवाडा करायला यंत्र बंद करून, एचटी रिकामी करून कपॅसिटरचं ग्रिडकडचं टोक सोडवायचं. अ‍ॅनोडकडचं तसंच ठेवायचं. सुटलेलं टोक आणि चॅसी यांमध्ये डिजिटल मीटर लावायचा, व्हॉल्व्ह तसेच ठेवून यंत्र सुरू करायचं आणि लांबूनच आकडा वाचायचा. चांगल्या कपॅसिटरला मीटर एकदा वर उडी मारून शून्याकडे परततो आणि तिथेच थांबतो. वर सांगितलेला ५० मेगओहमवाला असेल तर १० मेगओहमच्या मीटरवर थेट ३३ व्होल्ट दिसतात. मीटरचा स्वतःचा रोधच इथे आपलं भिंग बनतो. मी एक व्होल्टापेक्षा जास्त दाखवणारा कपॅसिटर परत लावत नाही. आज एक दाखवतोय तो पुढच्या वर्षी पाच दाखवेल. कपॅसिटर निर्दोष निघाला आणि ग्रिडवर तरीही धन व्होल्टेज येत असेल, तर आत गॅस झालेला किंवा थकलेला व्हॉल्व्ह बदलायचा.

व्यवहारात मी मेणाचे आणि काळ्या साच्यातले कागदी कपॅसिटर न मोजताच बदलतो. मुलार्डचे मोहरीच्या रंगाचे पॉलिएस्टर कपॅसिटर मात्र बहुधा अजूनही उत्तम असतात, मायका आणि सिरॅमिकही सहसा. ते उगाच काढू नयेत. नव्यासाठी ६३० व्होल्टांचा साधा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलिन पुरतो. ०.०५ च्या जागी ०.०४७ बिनदिक्कत लावावा. मेन्सच्या तारांमध्ये, किंवा मेन्स आणि चॅसी यांमध्ये बसवलेल्या कपॅसिटरच्या जागी मात्र मेन्ससाठीच बनवलेला, एक्स किंवा वाय वर्गाचाच घ्यायचा, तिथे दुसरा कुठलाही चालत नाही.

हम आहे, पण कपॅसिटर निर्दोष आहेत

५० हर्ट्झचा हम बहुतेक वेळा हीटरकडून येतो. हीटरला ६.३ व्होल्टांचा एसी मिळतो आणि त्या वाइंडिंगचा मध्यबिंदू चॅसीला बांधलेला असावा लागतो. ती मधली वायर तुटली किंवा हम कमी करायच्या छोट्या पोटेन्शियोमीटरची पट्टी जळली, की हम एकदम मोठा होतो. १०० ओहमचे दोन रेझिस्टर हीटरच्या दोन टोकांपासून चॅसीपर्यंत लावले तर मध्यबिंदू नव्याने तयार होतो. हीटर आणि कॅथोड यांमधलं इन्सुलेशन गळायला लागलं तरी हाच हम येतो, आणि कॅथोडवरचा सिग्नल चॅसीत उतरवणारा बायपास कपॅसिटर सुकला असेल तर तो जास्तच उघडा पडतो. पहिला व्हॉल्व्ह बदलून बघणं ही याची सर्वात जलद चाचणी.

पुश-पुल (दोन आउटपुट व्हॉल्व्ह उलट दिशांनी काम करणाऱ्या) अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एचटीचा रिपल दोन्ही आउटपुट व्हॉल्व्हना सारखाच मिळतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकाला खोडतो. जोडीतला एक व्हॉल्व्ह थकला की हे खोडणं अर्धवट होतं आणि फिल्टर ठणठणीत असूनही १०० हर्ट्झ ऐकू येतो. दोन्ही कॅथोडांचे प्रवाह मोजले की लगेच कळतं. दोन यंत्रं जोडल्यावरच हम येत असेल तर ते अर्थचं वेटोळं आहे, म्हणजे अर्थ दोन वाटांनी जोडली गेली आहे. त्यावर उपाय म्हणून मेन्सची अर्थ तार काढायचा सल्ला कुणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये. त्याच तारेवर जीव अवलंबून असतो.

पुन्हा जागवताना आणि बदलताना

बरीच वर्षं बंद असलेलं यंत्र पहिल्यांदा सुरू करताना मेन्सच्या एका तारेत ६० किंवा १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा फिलामेंटचा बल्ब टाकावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लख्ख राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि बल्बने यंत्र वाचवलं आहे. एलईडी बल्ब या कामाचा नाही. व्हॅरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) तासन् तास हळूहळू व्होल्टेज वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध आहे, पण रेक्टिफायर व्हॉल्व्हचाच असेल तर खालच्या व्होल्टेजला त्याचा हीटर पुरेसा तापत नाही आणि कपॅसिटरपर्यंत फारसं काही पोहोचतच नाही. कपॅसिटर खरोखर पुन्हा घडवायचा असेल तर तो सोडवून १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून वेगळ्या डीसीवर ठेवावा आणि रेझिस्टरवरचा व्होल्टेज बघत राहावं. १०० व्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर गळती. काही तासांत हा आकडा ठळकपणे उतरत गेला तर कपॅसिटर सावरतोय. साठ वर्षांच्या कपॅसिटरसाठी हा खटाटोप मी फक्त यंत्र मूळ रूपात जपायचं असेल तरच करतो. रोज ऐकायच्या यंत्रात नवा घालावा.

नवा घेताना व्होल्टेज जुन्याइतकं किंवा जास्त असावं, पण पहिल्या कपॅसिटरची क्षमता मनाने वाढवू नये. ईझेड८१ रेक्टिफायरला ५० मायक्रोफॅरड आणि जीझेड३४ला ६० मायक्रोफॅरड ही मर्यादा आहे. त्याहून मोठी टाकी भरताना प्रवाहाचा झटका व्हॉल्व्ह फोडतो. जास्त गाळणी हवी असेल तर ती पुढच्या कपॅसिटरमध्ये वाढवावी.

आणि तो ‘झर्रर्र’. माझ्याकडे एक अ‍ॅम्प्लिफायर आला होता, त्यातले सगळे कपॅसिटर नुकतेच बदललेले होते आणि आवाज पूर्वीपेक्षा वाईट झाला होता. कपॅसिटर एकेक मोजले, सगळे नवेकोरे आणि उत्तम. दोष होता एका तारेत. पहिल्या कपॅसिटरची उणे तार बसवायला सोयीची म्हणून इनपुट सॉकेटच्या शेजारच्या टॅगवर सोल्डर केलेली होती. अ‍ॅम्प्लिफायर सरासरी १०० मिलिअँपिअर घेत असला तरी हा कपॅसिटर थोड्याशा क्षणांतच भरतो, त्यामुळे प्रवाह अर्ध्या अँपिअरहून मोठ्या झटक्यांनी वाहतो. हे झटके इनपुटजवळून चॅसीच्या पत्र्यातून ट्रान्सफॉर्मरकडे परत जात होते. पत्र्याचा रोध अवघा पाच मिलिओहम धरला तरी वाटेत अडीच मिलिव्होल्ट तयार होतात, आणि पिकअपचा सिग्नल मुळात काही मिलिव्होल्टांचाच असतो. ती तार सोडवून थेट मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपवर (वाइंडिंगच्या मधल्या टोकावर) नेली, आणि तिथून एकच वायर पुढच्या कपॅसिटरला. झर्रर्र थांबली. राहिलेली पुसट घूं आउटपुट व्हॉल्व्हची जोडी जुळवल्यावर गेली. मग प्रत्येक कपॅसिटरवरचा डीसी आणि रिपल, दोन्ही कॅथोडांचे प्रवाह आणि ग्रिडवरचा शून्य, हे सगळं तारखेसह एका कागदावर लिहून तो तळाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला, पुढच्या वेळी झाकण उघडणाऱ्यासाठी.